वाचकांचे प्रश्न : ‘मी असाच’ आणि ‘मला आत्ता असं वाटतंय’

या खेपेचा पत्रांचा गठ्ठा परीक्षेच्या दिवसांतला. त्यामुळे बहुतेक पत्रं कॉलेजातल्या मुलामुलींची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची आणि शिक्षकांची आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. विद्यार्थ्यांना ‘तू’ म्हटलंय, ते आपलेपणानं घ्यावं.

प्रश्न : मी खरगोनजवळच्या गावातून इंदूरला आलोय. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, भंवरकुआंजवळ खोली घेऊन राहतो. सेमिनारला उभा राहिलो की तोंड कोरडं पडतं, इंग्रजी अडखळतं. गेल्या वेळी मागच्या बाकावरची मुलं हसली. तेव्हाच पक्कं कळलं की माझ्यात आत्मविश्वासच नाही. रूममेट म्हणतो, तुझा ईक्यू कमी आहे. आधी काय सुधारू, स्वतःबद्दलचं मत की ईक्यू?

उत्तर : तुझ्या पत्रात दोन वाक्यं शेजारी शेजारी आली आहेत. ‘तोंड कोरडं पडतं’ हे घडलेलं आहे. ‘माझ्यात आत्मविश्वासच नाही’ हा तू स्वतःवर दिलेला निकाल आहे. धोक्याची चाहूल लागली की शरीर पचनाची कामं मागे टाकतं, लाळही कमी सुटते. सराईत वक्त्यांचंही असंच होतं, म्हणून तर व्यासपीठावर तांब्याभांडं ठेवायची रीत आहे. तांब्या बघून कोणी वक्त्याला भित्रा म्हणत नाही.

आपण कसे दिसतो, आपल्याला काय जमतं, लोक आपल्याला काय समजतात, याचं मनातलं चित्र म्हणजे आत्मप्रतिमा. तुझा रूममेट जिला ईक्यू म्हणतो ती भावनिक बुद्धिमत्ता. ती म्हणजे गोड बोलणं किंवा कायम शांत असणं, असा समज आहे. तो सोडून दे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० साली ही कल्पना मांडली आणि १९९७ मध्ये तिचे चार भाग केले : भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करून घेणं, ती कशातून आली आणि पुढे कशात बदलेल ते समजणं, आणि ती सांभाळणं.

दोन्हींचा सांधा पहिल्याच पायरीवर आहे. धडधडलं की ‘मी भित्रा’, हेवा वाटला की ‘मी कोत्या मनाचा’, असं ज्याच्या मनात चालतं त्याला प्रत्येक भावना आपल्याविरुद्धच्या साक्षीदारासारखी वाटते. मग तो तिच्याकडे बघायचंच टाळतो. बघितलं नाही तर नाव देता येत नाही आणि नाव नसलेली गोष्ट सांभाळता येत नाही. ती न सांभाळल्यामुळे पुढचा सेमिनारही बिघडतो आणि चित्र आणखी काळं होतं. तेव्हा आधी काय, हा प्रश्न सुटतो : चित्र बदलायला बसू नकोस, भावना आणि निकाल यांची फारकत कर.

त्यासाठी एक वही घे. रात्री दहा मिनिटं, सलग १४ दिवस. पानाचे चार रकाने पाड. पहिल्यात घटना, पण कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढीच : ‘तिसऱ्या स्लाइडवर थांबलो, दोघं हसले.’ दुसऱ्यात शरीर : कान गरम, तळवे ओले. तिसऱ्यात भावनेचं नाव, एकाच शब्दात. चौथ्यात स्वतःवर दिलेला निकाल.

सगळी गडबड तिसऱ्या रकान्यात होते. मुलं तिथे ‘टेन्शन’ किंवा ‘वाईट’ लिहून मोकळी होतात. नाहीतर ‘मला वाटलं ते माझी टिंगल करतायत’ असं लिहितात, पण तो विचार झाला, भावना नव्हे. आपल्या भाषेत याबाबतीत काही कमी नाही. संकोच, लाज, ओशाळणं, धास्ती, हिरमोड, चडफड, हेवा, खंत, रुखरुख, अपराधीपणा... यातला प्रत्येक शब्द वेगळी वाट दाखवतो. ओशाळलास तर विषय बदलल्यावर दहा मिनिटांत मोकळा होतोस. खंत असेल तर काहीतरी दुरुस्त करावं लागतं. धास्ती पुढच्या गोष्टीची असते, तिच्यावर तयारी हाच उपाय. ‘टेन्शन’वर उपाय सापडत नाही, कारण त्या एका पोत्यात हे सगळे कोंबलेले असतात.

दुसरी चूक म्हणजे चौथा रकाना आधी भरणं. निकाल ठरला की पुरावा त्याच्या सोयीनं गोळा होतो. तिसरी, एकच घटना रोज उगाळणं. तीन रात्रींनंतर ती घटना बंद, नवी घे.

आता ती हसणारी मुलं. कॉर्नेल विद्यापीठात केलेल्या आणि २००० साली छापून आलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांनी तो टिपला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो लक्षात आला होता जेमतेम चौथ्या हिश्शाच्या. प्रकाशझोत आपल्यावर आहे असं वाटतं, पण समोरचा ज्याच्या त्याच्या झोतात असतो.

सेमिनारपुरतं सांगायचं तर पूर्ण भाषण पाठ करू नकोस. एक शब्द निसटला की सगळंच निसटतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढं पाठ कर आणि उभं राहून, मोठ्यानं, तीनदा म्हण. आधी दोन मिनिटं चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. मनाला ‘मी शांत आहे’ असं खोटं सांगू नकोस. ‘हे मला नीट करायचंय म्हणून धडधडतंय’ एवढं खरं सांग.

प्रश्न : ऑनलाइन चाचणीत माझी भावनिक बुद्धिमत्ता ८२ टक्के आली, माझ्या बहिणीची ६०. पण घरात भांडण मिटवते ती. असं कसं?

उत्तर : कारण ती चाचणी तू स्वतःला काय समजतोस ते मोजते. ‘मला इतरांच्या भावना चटकन कळतात’ या वाक्यापुढे ‘पूर्ण सहमत’ लिहायला भावना कळाव्या लागत नाहीत, तसं वाटावं लागतं. म्हणजे ८२ हा तुझ्या आत्मप्रतिमेचा आकडा. कौशल्य मोजायच्या चाचण्या वेगळ्या असतात. त्यांत चेहऱ्याचा फोटो दाखवून त्यातली भावना विचारतात, एखादा प्रसंग देऊन कोणती कृती जास्त उपयोगी पडेल ते विचारतात. या दोन प्रकारच्या गुणांचा आपसातला संबंध कमजोर असल्याचं संशोधनात वारंवार दिसलंय. बहिणीला विचार ती भांडणात नेमकं काय करते. त्यातून चाचणीपेक्षा जास्त शिकशील.

प्रश्न : आमच्या मुलाला बारावीत ९४ टक्के होते. बी.टेक.च्या पहिल्या वर्षी दोन विषयांत एटीकेटी लागली. तेव्हापासून ताट घेऊन खोलीत जातो, काही विचारलं की अंगावर येतो. परवा म्हणाला, ‘तुमच्या अपेक्षांची माती केली मी.’ आम्ही खरंच कधी काही बोललो नाही. हे म्हणतात, लक्ष देऊ नकोस. काय बोलावं? (राजेंद्रनगर)

उत्तर : त्याचं ते एक वाक्य नीट ऐका. टोरी हिगिन्स या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये अशी मांडणी केली की माणसाच्या मनात स्वतःची तीन चित्रं असतात : मी आहे तो, मला व्हायचंय तो, आणि मी असायलाच हवा तो. पहिल्या दोघांत दरी पडली की माणूस हिरमुसतो, उदास होतो. पहिल्या आणि तिसऱ्यात पडली की धास्ती, अपराधीपणा, बेचैनी येते, आणि तरुण मुलांत ती पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात बाहेर पडते. ‘तुमच्या अपेक्षा’ म्हणतोय म्हणजे दुखतंय ते तिसरं चित्र. ‘तुला जे आवडेल ते कर’ हा सल्ला त्याला लागू पडत नाही तो यामुळेच.

तुम्ही काही बोलला नाहीत यावर आमचा विश्वास आहे. पण पेढे वाटतानाचा फोटो अजून फॅमिली ग्रुपच्या डीपीला असेल, तर तो तुमच्या वतीनं रोज बोलतो. पुण्याच्या मावसभावाच्या पॅकेजची चर्चा जेवताना होत असेल, तर तीही.

बोलायला समोरासमोर बसू नका. कॉलेजातली मुलं डोळ्यांत न बघता जास्त बोलतात : स्कूटरवर मागे बसून, भाजी निवडताना, रात्री पाणी भरताना. पहिलं वाक्य प्रश्नाचं नको, अंदाजाचं ठेवा : ‘मला वाटतं तुला धास्ती वाटतेय, की राग आहे? माझं चुकतही असेल.’ मग गप्प राहा. मनात दहा अंक मोजा. बहुतेक आया चारावर बोलून टाकतात. तो ‘राग नाहीये!’ असं ओरडला तरी ते उत्तर आहे. त्यानं तुमचा अंदाज तपासून पाहिला.

दोन वाक्यं टाळा. ‘काही नाही होत, सोड’ यातून त्याला ऐकू येतं की त्याचं दुखणं क्षुल्लक आहे. ‘तू हुशारच आहेस रे’ हे दुसरं, आणि ते जास्त घातक. मुलर आणि ड्वेक यांच्या १९९८ मधल्या प्रयोगात ज्या मुलांच्या बुद्धीचं कौतुक केलं होतं, ती मुलं अपयशानंतर मेहनतीचं कौतुक झालेल्या मुलांपेक्षा लवकर ढेपाळली. ९४ टक्क्यांनी ‘हुशार’ हा एकच खांब उभा केला आणि सगळं घर त्यावर ठेवलं. त्याच खांबाला आणखी रंग देऊ नका.

उलट निकालाचे तुकडे करा. एटीकेटीचा अर्थच मुळी पुढचं सत्र चालू ठेवायची मुभा असा आहे, आपण उच्चारतो मात्र दंड झाल्यासारखा. कोणते दोन विषय, अंतर्गत गुण किती, कोणत्या युनिटमध्ये गेले, हे त्यानं कागदावर काढावं. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि रोज ४५ मिनिटं, एवढ्यानं सुरुवात होते. ‘मी नालायक’ या वाक्यावर अभ्यास करता येत नाही, ‘तिसरं युनिट कच्चं’ यावर येतो.

अंगावर येणं मात्र चालवून घेऊ नका : ‘ओरडायचं नाही. राग कशाचा आहे ते मला ऐकायचंय.’ दोन्ही एकाच दमात, एकाच आवाजात. यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रुसण्याकडे दुर्लक्ष चालतं, माणसांतून उठून जाण्याकडे नाही. झोप, जेवण, अंघोळ, मित्र हे सगळंच दोन आठवड्यांहून जास्त विस्कटलेलं असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलला तर त्याच दिवशी, आणि त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, हिंदीतही बोलता येतं.

प्रश्न : मी सुदामानगरला वाढले, बी.कॉम. तिसऱ्या वर्षाला आहे. दोन महिने इंटर्नशिपला पुण्यात होते. मी ‘येऊन राहिले आहे’, ‘मला माहीत पडलं’ असं म्हटलं की सगळे हसायचे. ‘हिंदीवाली’ नाव पडलं. इथे कॉलेजात इंग्रजी मिडियमच्या मुलींत मी ‘मराठी’. आता मी सगळीकडेच कमी बोलते. मी नक्की कोण, तेच कळेनासं झालंय.

उत्तर : पत्राचं शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९० मध्ये दाखवलं की आत्मसन्मान कमी असलेल्यांच्या मनातलं चित्र वाईट असण्यापेक्षा अस्पष्ट असतं. आज एक उत्तर, उद्या दुसरं. अस्पष्ट चित्र असलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक भाव आपण चित्रात भरून घेतो. तू वाईट ठरलेली नाहीस, तुझं ठरायचं बाकी आहे. पहिल्यापेक्षा दुसरं काम पुष्कळ सोपं.

भाषेचं आधी उरकू. इंदूरची मराठी अडीचशे वर्षांहून जास्त काळ हिंदी आणि माळवीच्या शेजारात नांदली आहे. ‘येऊन राहिले’ ही या शेजारातली घडण, चूक नव्हे. सदाशिव पेठेतली मराठीही एका पेठेतलीच.

आता हसणं. हसण्याचे दोन प्रकार वेगळे काढ. नवा शब्द ऐकून आलेलं हसू डोळ्यांत दिसतं आणि लगेच पुढे प्रश्न येतो. टवाळीचं हसू आधी दुसऱ्याकडे बघतं, मग तुझ्याकडे. हा फरक टिपणं म्हणजेच भावनिक बुद्धिमत्तेची पहिली पायरी, आणि लाजेनं मान खाली गेली की ती चुकते. मान वर ठेवून एकच उत्तर तयार ठेव : ‘आमच्या इंदुरात असंच म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?’ आवाज चढवायचा नाही, खाली आणायचा नाही. पहिल्या प्रकारचे लोक उत्तर देतील, दुसरे गडबडतील.

एक खोड टाळ : ‘मी बाई हिंदीवालीच’ असं इतरांच्या आधी आपणच म्हणून टाकायची. एकदा गंमत, पण रोज म्हटलं की समोरच्यांना ती परवानगी वाटते.

चित्र स्पष्ट करायला कागदावर पाच जागा लिही : घर, कॉलेज, पुण्याचं ऑफिस, मैत्रिणी, आणि गणेशोत्सवातलं मंडळ किंवा असंच काही. प्रत्येकीपुढे तू तिथे प्रत्यक्ष काय करतेस ते, विशेषणाशिवाय : ‘हिशेब जुळेपर्यंत उठत नाही’, ‘नव्या मुलीला शेजारी बसवते’. पाचांपैकी तीन जागी जे सारखं येतं ते तुझं. भाषा जागेप्रमाणे बदलेल, तिला बदलू दे.

प्रश्न : मी रोज तीसचाळीस सेल्फी काढते, एकही आवडत नाही. नाक प्रचंड दिसतं. आरशात मात्र बरी दिसते. खरी कोणती?

उत्तर : नाकाचं गणित आधी. कॅमेरा चेहऱ्यापासून फूटभर, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरवर असला की नाक कॅमेऱ्याला गालांपेक्षा बरंच जवळ पडतं. २०१८ मध्ये मांडलेल्या एका हिशेबाप्रमाणे दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत ते जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. फोन दुसऱ्याच्या हातात दे, दीड मीटरवर उभं कर आणि झूम करून काढायला सांग.

आरशाचं आणखी वेगळं. आरसा डावंउजवं उलटतो आणि आपल्याला तोच चेहरा सवयीचा असतो. १९७७ च्या एका प्रयोगात बहुतेकींना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो आवडला, तर त्यांच्या मैत्रिणींना सुलटा. तेव्हा ‘खरी’ कोणती याला उत्तर नाही. आवड सवयीमागे जाते.

एका वेळी तीनच फोटो, आणि काढण्याआधी मनात एक शब्द : कंटाळा, एकटेपणा, हेवा, जे असेल ते. चाळिसावा फोटो बहुधा त्या शब्दाचा असतो. नाकाच्या विचारात रोज तासाहून जास्त जात असेल, त्यापायी बाहेर जाणं टळत असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. तो उपचारानं बरा होणारा विकार असू शकतो. नाकाच्या शस्त्रक्रियेनं तो सहसा जात नाही.

प्रश्न : एम.ए. मानसशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी १०० कॉलेज विद्यार्थ्यांवर रोझेनबर्गची आत्मसन्मान श्रेणी आणि भावनिक बुद्धिमत्तेची प्रश्नावली वापरली. सहसंबंध, म्हणजे दोन्ही गुण कितपत सोबतीनं चढतात-उतरतात त्याचा आकडा, ०.४० आला. ‘आत्मप्रतिमा सुधारल्यास भावनिक बुद्धिमत्ता वाढते’ असा निष्कर्ष लिहू का? मार्गदर्शक म्हणतात लिही, मला धीर होत नाही.

उत्तर : धीर होत नाही तेच बरं आहे. ०.४० चा वर्ग ०.१६, म्हणजे दोन्हींच्या चढउतारातला १६ टक्के भाग सामाईक. तोही नेमका नाही : १०० च्या नमुन्यावर ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या टप्प्यात असेल तो टप्पा, ०.२२ ते ०.५५ अशी येते, ती छापलीच पाहिजे. कोण कोणाला ओढतंय हे यातून कळत नाही. भावना सांभाळता येणाऱ्याचं स्वतःबद्दलचं मत चांगलं होत असेल. मोकळ्या वातावरणाच्या घरातून दोन्ही येत असेल. किंवा त्या दिवशी मूड बरा असल्यानं मुलांनी दोन्हीकडे छान छान खुणा केल्या असतील. दोन्ही प्रश्नावल्या स्वतःच स्वतःबद्दल भरायच्या असल्या की हा शेवटचा धोका मोठा.

रोझेनबर्गची १९६५ ची श्रेणी आत्मसन्मान मोजते, म्हणजे स्वतःची किंमत. आत्मप्रतिमा म्हणजे चित्र, आत्मसन्मान म्हणजे त्या चित्राला दिलेले गुण. शीर्षकात आत्मप्रतिमा आणि साधन आत्मसन्मानाचं, ही चूक परीक्षक पहिल्या पानावरच पकडेल. शीर्षक बदल.

आता आकडे तपास. रोझेनबर्गच्या श्रेणीत दहा वाक्यं असतात. त्यांतली पाच नकारार्थी आहेत, त्यांचे गुण उलटे मोजायचे. ० ते ३ अशा गुणांनी एकूण ३० होतात. दहाही वाक्यांना एकच खूण करणाऱ्याचे गुण, खूण कोणतीही असो, बरोबर १५ येतात. तुझ्याकडे १५ चा ढीग असेल तर तो ‘मध्यम आत्मसन्मान’ नाही, न वाचता भरलेले फॉर्म आहेत. मूळ कागद काढ आणि तसे फॉर्म बाजूला कर. शिवाय कोणतेही दहा फॉर्म हातानं मोजून संगणकाशी ताडून बघ. उलटे गुण द्यायचे राहिले तर संबंधच बिघडतो.

भाषांतराचा काटा इंदुरात जास्त टोचतो. एका वाक्यात अभिमान वाटण्यासारखं आपल्याकडे फारसं नाही, असं म्हटलंय. मराठीत ‘अभिमान’ चांगला आणि ‘गर्वाचं घर खाली’. हिंदीत ‘गर्व’ चांगला आणि ‘अभिमान’ घमेंडीकडे झुकणारा. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या मुलानं तो शब्द कोणत्या कानानं वाचला, सांगता येत नाही. आठवं वाक्य, स्वतःबद्दल अधिक आदर वाटता तर बरं झालं असतं अशा अर्थाचं, अनेक देशांत नीट बसलेलं नाही. ५३ राष्ट्रांतल्या प्रतिसादांवरच्या २००५ च्या अभ्यासातही नकारार्थी वाक्यं सगळीकडे सारखी वाचली जात नाहीत असं दिसलं. भाषांतर तू केलं असशील तर दुसऱ्यानं मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेलं होतं का, आणि १०-१५ मुलांवर आधी चालवून पाहिलं होतं का, ते लिही. केलं नसेल तर ‘मर्यादा’ या भागात तसं लिही. लाजायचं कारण नाही; लपवलं तर आहे.

निष्कर्ष असा चालेल : ‘या नमुन्यात आत्मसन्मान आणि स्वतः नोंदवलेली भावनिक बुद्धिमत्ता यांत मध्यम धन सहसंबंध आढळला, कार्यकारणभाव या अभ्यासातून सांगता येत नाही.’ मार्गदर्शकांना दाखवताना ‘तुमचं चुकलं’ म्हणू नकोस. ‘सर, तोंडी परीक्षेत कार्यकारणावर विचारलं तर काय सांगू?’ असं विचार.

प्रश्न : आमच्या कॉलेजात एका व्याख्यात्यांनी साठ मुलांना डोळे मिटून ‘मी सर्वोत्तम आहे’ असं वीस वेळा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी सगळं जैसे थे. ४५ मिनिटांच्या तासिकेत वर्गशिक्षकाला काही खरं करता येईल का?

उत्तर : जैसे थे राहिलं असेल तर थोडक्यात निभावलं म्हणायचं. २००९ मधल्या एका कॅनडातल्या प्रयोगात, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य घोकल्यावर आत्मसन्मान कमी असलेल्यांना उलट आणखी वाईट वाटलं. ज्याला ते खरं वाटत नाही त्याचं मन लगेच उलटतपासणी घेतं. अशा शिबिरांचे पैसे वाचवून कोरे कागद आणा.

पहिली पाच मिनिटं सूचना : कागद कोणी गोळा करणार नाही, नाव लिहायचं नाही. मग १२ मिनिटं ‘मी...’ नं सुरू होणारी वीस वाक्यं. ही युक्ती कुन आणि मॅकपार्टलंड यांची, १९५४ ची. बहुतेक मुलं दहाबारावर अडकतात. अडकू द्या, ‘अजून लिहा’ म्हणत फिरू नका. पुढच्या आठ मिनिटांत प्रत्येक वाक्यापुढे खूण : नातं किंवा जागा असेल तर ‘क’ (मी धाकटी, मी इंदूरकर), स्वभावाचं लेबल असेल तर ‘ख’ (मी आळशी), आणि ते दुसऱ्या कोणी आपल्याला म्हटलेलं असेल तर खाली रेघ. रेघा मोजल्यावर वर्ग जरा गप्प होतो. त्या वेळी भाष्य करू नका.

मग १५ मिनिटं एकच ‘ख’ वाक्य घेऊन ते या साच्यात पुन्हा लिहायचं : कधी, काय करतो, तेव्हा काय वाटत असतं. ‘मी आळशी आहे’चं होतं, ‘लॅब रेकॉर्ड लिहायचं असतं तेव्हा मी फोन घेऊन बसतो, कारण चुकेल अशी धास्ती वाटते.’ लेबलातून भावना बाहेर पडते ती इथे. फळ्यावर दोन नमुने तुम्ही लिहा, ते काल्पनिकच असू द्या. वर्गातल्या कोणाशी जुळतील असे नकोत. उरलेली पाच मिनिटं तिघातिघांत. ज्याला वाटेल त्यानं वाचावं, ऐकणाऱ्यानं भावनेचं नाव एकदा घेऊन बघावं, सल्ला द्यायचा नाही. तिघं हजेरीच्या क्रमानं घ्या, नाहीतर ठरलेली टोळकी बसतात आणि एक मूल कोपऱ्यात उरतं.

एका तासानं काही पालटत नाही. पंधरा दिवसांच्या अंतरानं तीनदा घ्या, दर वेळी नवं ‘ख’ वाक्य. कुणी आपणहून कागद आणून दाखवला तर तिथेच वाचा आणि परत द्या. फोटो काढू नका, स्टाफरूममध्ये नेऊ नका. त्यात जिवाला धोका वाटेल असं काही दिसलं तरच पुढे सांगायचं, आणि तेही त्या मुलाला आधी सांगून.